दुरुस्तीच्या वेळी यंत्राला कुलूप : लॉकआउट-टॅगआउट संचाचे परीक्षण, शिरोलीच्या एका फाउंड्रीतून

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या मध्यम आकाराच्या फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यासाठी, आम्ही कोल्हापुरातल्याच एका सुरक्षा-साहित्य विक्रेत्याकडून लॉकआउट-टॅगआउटचा तयार संच घेतला आणि एक संपूर्ण पावसाळा तो तिन्ही पाळ्यांत वापरला. दुरुस्ती, साफसफाई किंवा तेलपाणी चालू असताना यंत्र कोणाच्याही हातून, अगदी चुकूनसुद्धा, सुरू होऊ नये यासाठी त्याची वीज, हवा किंवा तेलाचा दाब मुळाशी बंद करून तिथे कुलूप घालायचे आणि कुलूप कोणाचे आहे हे सांगणारा टॅग लावायचा, अशी ही पद्धत आहे. संचात लाल नायलॉनची कुलपे, एकाच जागी अनेक कुलपे लावता येतील असे हॅस्प, एमसीबीवर (विजेच्या छोट्या सर्किट ब्रेकरवर) बसणारे छोटे चिमटे, बॉल व्हॉल्व्हची आवरणे, पोलादी तारेचे एक लॉकआउट आणि टॅगचा गठ्ठा एका कापडी पिशवीत येतो. माझे मत आधीच सांगतो. कुलपे आणि हॅस्प उत्तम आहेत, विजेच्या बाजूचे साहित्य आपल्याकडच्या जुन्या पॅनेलांना अपुरे पडते, टॅग निराशा करतात आणि सोबत मिळणारे प्रशिक्षण अर्ध्यावर थांबते. तरीही ही खरेदी प्रत्येक कारखानदाराने करावी असे मला मनापासून वाटते. फक्त तयार पिशवी न घेता साहित्य सुटे निवडून घ्यावे.

फाउंड्रीत या साहित्याची सर्वांत जास्त गरज कुठे आहे असे कोणी विचारले, तर मी साच्यांची वाळू मळणाऱ्या मिक्सरकडे बोट दाखवेन. बेंटोनाइट ही चिकट माती आणि पाणी घातलेली वाळू मिक्सरच्या कडांना आणि पात्यांना घट्ट चिकटते, ती वेळोवेळी खरवडून काढावी लागते आणि पाती झिजली की बदलावी लागतात; या दोन्ही कामांसाठी माणसाला मिक्सरच्या आत उतरावे लागते किंवा निदान कमरेपर्यंत वाकावे लागते. मिक्सर सुरू करण्याचे बटण मात्र बहुतेक ठिकाणी मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवण्याच्या, बाजूला असते, जिथून आतला माणूस दिसत नाही. लाइनवर वाळू संपली, ऑपरेटरने बटण दाबले, एवढे घडायला पुरेसे आहे. त्यात मिक्सरची धोक्याची बाजू केवळ विजेची नाही. खालचे दार हवेच्या सिलिंडरवर चालते, वरच्या हॉपरचे झाकणही अनेकदा हवेवरच उघडते, आणि काही मिक्सरांत तळ फिरवणारी मोटर वेगळी व पाती फिरवणारी मोटर वेगळी असल्याने एक स्विच पाडून दोन्ही बंद होतील असे नसते.

यावर आपल्याकडे पूर्वापार काही उपाय चालत आलेले आहेत आणि ते करणारी माणसे बेफिकीर नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. किटकॅट फ्यूज काढून खिशात ठेवायचा, पॅनेलवर ‘काम चालू आहे, स्विच लावू नये’ अशी पाटी अडकवायची, किंवा एका हेल्परला पॅनेलजवळ उभे करायचे, असे ते उपाय आहेत. आमच्याकडचे एक अनुभवी फिटर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, त्यांचे नेहमीचे उत्तर ठरलेले असे : “साहेब, फ्यूज माझ्या खिशात हाय, काय काळजी करू नका.” त्या शब्दात खोट काहीच नसते. पण दुसऱ्या पाळीचा वायरमन लाइन बंद दिसली म्हणून स्टोअरमधून दुसरा फ्यूज आणून बसवू शकतो, पाटी वाऱ्याने किंवा क्रेनच्या धक्क्याने पडते, आणि पॅनेलजवळ उभ्या केलेल्या पोराला कोणीतरी ‘जरा इकडे ये’ म्हणून हाक मारतो. या तिन्ही उपायांत आतल्या माणसाचा जीव दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षावर अवलंबून राहतो. कुलपाने तो स्वतःच्या हाती येतो, कारण किल्ली त्याच्या स्वतःच्या खिशात असते आणि ती फक्त एकच असते.

यात परदेशातून आलेले काही थोतांड आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी एक गोष्ट नोंदवतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्येच असे म्हटलेले होते की वीज तोडणारे साधन चुकून ‘बंद’ स्थितीतून ‘चालू’ स्थितीत सरकू शकत असेल, तर यंत्र अपघाताने सुरू होऊ नये म्हणून ते साधन सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची व्यवस्था केली पाहिजे. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा विभागाने, म्हणजे ओशाने, १९८९ साली या विषयावर स्वतंत्र आणि सविस्तर नियम काढला. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक साहित्याची घडण त्या नियमावरून ठरलेली आहे, म्हणून परीक्षण करताना मीही त्यातलेच काही निकष वापरले आहेत.

आता कुलपांकडे येतो, कारण संचातील खरी किंमत त्यांचीच आहे. कुलपाचे अंग नायलॉनचे आहे, कडी ६ मिलिमीटर जाडीची व ३८ मिलिमीटर उंचीची पोलादी आहे, आणि हातात घेतल्यावर ते इतके हलके वाटते की आमच्या काही कामगारांनी सुरुवातीला त्याला खेळणे ठरवले होते. वाळूची धूळ, शॉट ब्लास्टचा (छर्रे मारून ओतीव साफ करणाऱ्या यंत्राचा) बारीक चुरा, कोल्हापूरचा पावसाळा आणि त्यावर तेलकट हात, इतके सगळे सोसूनही त्यातले एकही कुलूप अडकलेले नाही. कडीवर किरकोळ गंज दिसतो, तो पुसला की जातो. साध्या पितळी कुलपापेक्षा याचे दोन गुण महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की कुलूप उघडे असताना किल्ली बाहेर निघतच नाही, त्यामुळे कुलूप नुसते अडकवून, न दाबता, किल्ली घेऊन निघून जाण्याची शक्यता राहत नाही. दुसरा असा, की प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी आहे आणि एकीने दुसरे उघडत नाही. आम्ही सगळी कुलपे एकमेकांच्या किल्ल्या लावून तपासली, आणि ही तपासणी प्रत्येकाने करावी, कारण स्वस्त मालात एकाच किल्लीने अनेक कुलपे उघडण्याचा प्रकार आढळतो आणि तसे असेल तर सगळी पद्धतच निरर्थक ठरते.

विक्रेत्याने आम्हाला सगळी कुलपे उघडणारी एक मास्टर किल्लीही देऊ केली होती. ती आम्ही नाकारली. सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये मास्टर किल्ली असेल तर रात्रपाळीत, उत्पादन अडलेले असताना, ती केव्हा ना केव्हा बाहेर येणारच. एखादा कामगार कुलूप तसेच ठेवून घरी गेला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही कागदावर ठरवले : आधी त्या माणसाला फोन करायचा, तो कारखान्यात नाही याची खात्री करायची, यंत्र आतून-बाहेरून तपासायचे, देखभाल प्रमुखाने आणि पाळीच्या प्रमुखाने नोंदवहीत सही करायची, मग कटरने कडी कापायची, आणि तो माणूस कामावर परत आल्यावर त्याने कामाला हात लावण्याआधी त्याला हे सांगायचे. कापलेल्या कुलपाचे पैसे कोणाच्याही पगारातून कापत नाही. एका कुलपाची किंमत प्रकारानुसार साधारण २०० ते ४०० रुपयांच्या घरात पडते आणि त्यापायी कामगाराच्या मनात कुलूप लावण्याची भीती बसवणे हा शुद्ध वेडेपणा होईल.

ओशाच्या नियमात एक अट आहे जी मला फार शहाणपणाची वाटते : ही कुलपे दिसण्यात वेगळी असावीत आणि दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरली जाऊ नयेत. लाल कुलूप लॉकरला किंवा सायकलला लागले, की पॅनेलवर लाल कुलूप पाहून थांबण्याची सवय मोडते. आमच्याकडे हे पाळायला काही आठवडे कडक राहावे लागले.

हॅस्पविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. सहा भोकांचा, लाल प्लास्टिकच्या आवरणाचा पोलादी हॅस्प आहे. तो स्विचच्या भोकात अडकवायचा आणि काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपापले कुलूप घालायचे, म्हणजे शेवटचा माणूस बाहेर येऊन कुलूप काढेपर्यंत हॅस्प उघडत नाही. फिटर, वायरमन आणि बाहेरचा वेल्डर एकाच मिक्सरवर असतात तेव्हा याचा खरा उपयोग कळतो. पाळी बदलताना येणाऱ्याने आधी आपले कुलूप लावायचे आणि मगच जाणाऱ्याने आपले काढायचे, हा क्रम आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.

विजेच्या बाजूला मात्र हा संच तोकडा पडतो. त्यातील चिमटे केवळ एमसीबीसाठी आहेत, आणि फाउंड्रीत ऑफिसचे दिवे वगळता एमसीबीवर चालते ते काय? मिक्सर, शॉट ब्लास्ट, कॉम्प्रेसर यांच्या मोठ्या फीडरांवर, म्हणजे यंत्राला वीज नेणाऱ्या लाइनींवर, एमसीसीबी हे मोठे सर्किट ब्रेकर असतात, त्यांची दांडी रुंद असते आणि तिला वेगळी क्लॅम्प लागते, जी पिशवीत नाही. ज्या नव्या पॅनेलांत फिरत्या हँडलचा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, आहे, तिथे हँडलमध्येच कुलपासाठी भोक असते आणि वेगळे काही लागत नाही. खरी अडचण जुन्या लोखंडी मेन स्विचांची आहे, जे उद्यमनगरापासून गोकुळ शिरगावपर्यंत अजूनही असंख्य भिंतींवर आहेत. त्यांतल्या काहींच्या दांडीला भोक असते, काहींच्या नसते, आणि काहींच्या बाबतीत दांडी खाली असूनही आतले पाते चिकटून राहिलेले असते. अशा स्विचला वेल्डिंगने पट्टी लावून कुलपाची सोय करण्याची युक्ती मला अनेकांनी सुचवली. मी ती मान्य केली नाही, कारण आतली पाती खरोखर सुटतात की नाही याची खात्री नसलेल्या स्विचला बाहेरून कुलूप घालणे म्हणजे कामगाराला खोटा दिलासा देणे आहे. आम्ही ते स्विच टप्प्याटप्प्याने बदलत आहोत. नवे यंत्र घेणाऱ्यांनी तर कुलूपबंद करता येणारा आयसोलेटर ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा. यंत्र अनपेक्षितपणे सुरू होणे कसे टाळावे यासाठी यंत्र बनवणाऱ्यांकरिता आयएसओ १४११८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्याची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली आहे. निर्मात्याला त्याचा हवाला देऊन विचारता येते.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा, जो प्रशिक्षणानंतरही आमच्या काही सुपरवायझरांच्या मनात टिकून होता. लाल रंगाचे इमर्जन्सी बटण दाबून ठेवणे किंवा सुरक्षा-दार उघडे ठेवणे म्हणजे यंत्राची वीज तोडणे नव्हे. ही साधने नियंत्रणाच्या सर्किटवर काम करतात, मोटरची मुख्य वीज पॅनेलपर्यंत तशीच आलेली असते, आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चिकटला किंवा कोणी बटण फिरवून सोडले की यंत्र पुन्हा तयार. शिवाय वीज जाऊन परत आल्यावर काय होते हेही यंत्रागणिक वेगळे असते. पुश-बटणाचा साधा स्टार्टर वीज गेली की पडतो आणि आपोआप उठत नाही; पण प्रेशर स्विचवर चालणारा कॉम्प्रेसर किंवा फ्लोटवर चालणारा पंप आपणहून सुरू होतो. आमचे निम्मे कामगार करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या गावांतून येतात आणि शेतावरच्या मोटरीचा ऑटो स्टार्टर त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे. ते उदाहरण दिल्यावर हा मुद्दा पुन्हा समजावून सांगावा लागला नाही. मुख्य पॅनेलवर काम असेल तर जनरेटरचाही विचार करावा लागतो, कारण महावितरणची बाजू कुलूपबंद असली तरी आपोआप सुरू होणारा जनरेटर पॅनेलमधल्या त्याच बसबारला, म्हणजे वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीला, मागच्या दाराने वीज देऊ शकतो.

हवेच्या बाजूची आवरणे चांगली आहेत, पण ती अर्ध्या ते एक इंची बॉल व्हॉल्व्हपुरतीच आहेत; आमच्या मुख्य हवेच्या लाइनी दीड-दोन इंची असल्याने तिथे तारेचे लॉकआउट वापरावे लागले. ही तार मला संचातील सर्वांत उपयोगी वस्तूंपैकी एक वाटली. प्लास्टिकचा थर असलेली ती पोलादी तार व्हॉल्व्हच्या दांडीतून, चाकाच्या आऱ्यांतून किंवा शेजारच्या दोन व्हॉल्व्हांमधून एकत्र ओवून ताणता येते आणि तिच्या खटक्यात कुलूप घालता येते. तिचा ताण कमी पडला तर व्हॉल्व्ह थोडा फिरतो, म्हणून ओढून पाहावे लागते.

व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावले तरी सिलिंडरात अडकलेली हवा तशीच असते, आणि या संचात किंवा त्याच्या पुस्तिकेत त्याविषयी अवाक्षर नाही. साच्यातला वाळूचा गाभा बनवणाऱ्या कोअर शूटरचा क्लॅम्प, मिक्सरचे खालचे दार, मोल्डिंग मशीनचा सिलिंडर ही सगळी वीज तोडल्यानंतरही एकदा जोराने हलू शकतात. त्यासाठी बंद केल्यावर पुढच्या बाजूची हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो; आम्ही ते स्वतंत्रपणे घेतले. वाळू वर चढवणारा बकेट एलिव्हेटर भरलेला असेल तर ड्राइव्ह सोडवताच वाळूच्या वजनाने उलटा धावतो, त्याला यांत्रिक अडसर लागतो. शॉट ब्लास्टचे चाक बंद केल्यावरही काही वेळ फिरतच राहते. इंडक्शन फर्नेसच्या, म्हणजे धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीच्या, कपॅसिटरांत साठलेली वीज मुख्य स्विच पाडल्यावर लगेच संपत नाही, निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबून मीटरने तपासल्याशिवाय तिथे हात घालायचा नसतो. आणि अस्तराच्या कामासाठी तिरकी केलेली भट्टी केवळ हायड्रॉलिक सिलिंडरच्या भरवशावर ठेवायची नसते, तिला लोखंडी टेकू द्यावा लागतो.

भट्टीच्या बाबतीत उलट दिशेची खबरदारीही घ्यावी लागते. भट्टीत वितळलेला धातू असताना कॉइलला थंड ठेवणारे पाणी बंद पडणे हा स्वतःच एक भयंकर धोका आहे, त्यामुळे ‘सगळे बंद, सगळ्याला कुलूप’ असा सरसकट हुकूम तिथे चालत नाही. कोणता पंप कुलूपबंद करायचा आणि कोणता कोणत्याही परिस्थितीत चालू राहिला पाहिजे, हे प्रत्येक भट्टीसाठी आधी लिहून काढावे लागते. विक्रेत्याच्या माणसाने आमच्याकडे फेरी मारून जी यादी केली, तिच्यात कूलिंग पंपालाही इतर पंपांप्रमाणेच कुलूप सुचवले होते. आमच्या मेल्टिंगच्या लोकांनी ते तत्काळ दुरुस्त केले. फाउंड्रीची जाण असलेला माणूस सोबत नसेल तर अशी फेरी अपुरीच राहणार.

टॅगविषयी मी कठोर लिहिणार आहे. ते इंग्रजी आणि हिंदीत आहेत, त्यावर नाव लिहिण्याची जागा बोटभर आहे, आणि साध्या बॉलपेनने लिहिलेले नाव तेलकट हात लागला की पुसट होते. टॅग बांधण्यासाठी दिलेली पट्टी हाताने ओढली तरी सुटते. ओशाच्या नियमानुसार टॅगची बांधणी एकदाच वापरायची, स्वतः अडकणारी आणि किमान ५० पौंड, म्हणजे सुमारे २३ किलो, ओढ सहन करणारी हवी. तेवढी ओढ सोसणारा नायलॉनचा केबल टाय त्या कामाला पुरतो आणि तो कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आम्ही शहरातील एका छापखान्यात मराठी टॅग छापून घेऊन त्यावर प्लास्टिकचा थर चढवला आहे. त्यावर कामगाराचे नाव, फोटो, विभाग आणि फोन क्रमांक आहे, आणि ठळक अक्षरांत लिहिले आहे : ‘मी आत काम करत आहे. हे कुलूप फक्त मीच काढीन.’ फोटोचा परिणाम मोठा झाला, कारण कुलपामागे कोण आहे हे लांबूनच कळते.

प्रशिक्षणासाठी आलेला तरुण नम्र होता, मराठीत बोलत होता आणि कामगारांच्या प्रश्नांना त्याने कंटाळा न करता उत्तरे दिली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. परंतु त्याचे प्रात्यक्षिक कुलूप लावण्यापाशी संपले, आणि या पद्धतीचा सर्वांत मोलाचा टप्पा त्यानंतर येतो. कुलूप लावल्यावर सर्वांना बाजूला करून यंत्राचे सुरू करण्याचे बटण प्रत्यक्ष दाबून पाहायचे आणि ते पुन्हा बंद स्थितीत आणून ठेवायचे असते. विजेचे काम असेल तर मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग कामाच्या जागी लावायचा आणि नंतर पुन्हा चालू लाइनवर, म्हणजे मीटरच बिघडलेला नव्हता हे सिद्ध होते. चुकीच्या फीडरला कुलूप लागलेले असणे, पॅनेलवरचे नाव आणि प्रत्यक्ष यंत्र वेगळे असणे, चिकटलेले पाते, यांतले सगळे याच टप्प्यावर उघड होते. आमच्याकडेही पॅनेलवरची जुनी नावे आणि यंत्रे जुळत नसल्याचे याच तपासणीत लक्षात आले, आणि सगळ्या फीडरांना नव्याने क्रमांक द्यावे लागले.

वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. मिक्सरच्या साध्या सफाईआधी काही मिनिटे जास्त लागतात आणि सुरुवातीला उत्पादन विभागाने त्याविषयी बरीच नाराजी दाखवली. ज्यांना आत उतरावे लागते त्यांनी मात्र एकदाही कुरकुर केलेली नाही. मामा मला म्हणाले, “आता आत असलो की बाहेरच्या आवाजाकडं कान ठेवावा लागत न्हाई.” अनेक वर्षे हा माणूस पाती बदलताना एक कान बाहेर ठेवून काम करत होता, हे मला त्या दिवशी प्रथमच उमगले आणि त्यानंतर उत्पादन विभागाशी वाद घालताना मला दुसऱ्या युक्तिवादाची गरज पडली नाही.

कंत्राटी कामगारांना या पद्धतीबाहेर ठेवण्याची चूक अनेक ठिकाणी होते. सफाईला आत उतरणारे बहुधा तेच असतात, त्यामुळे पहिली कुलपे त्यांच्या हाती गेली पाहिजेत, आणि कुलपांची संख्या ठरवताना हजेरीपटाबाहेरची ही माणसेही मोजली पाहिजेत. उद्यमनगरातल्या दोन-चार लेथ आणि एखादा पॉवर प्रेस असलेल्या छोट्या वर्कशॉपला पिशवीभर साहित्य लागणारच नाही. माणशी एक कुलूप, दोन हॅस्प, प्रेसच्या मेन स्विचला भोक असलेला चांगला आयसोलेटर, आणि रॅम, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली घसरू नये म्हणून डायमध्ये ठेवायचा मजबूत ठोकळा एवढे पुरेल. मोठ्या फाउंड्रीने आधी स्वतःच्या प्रत्येक यंत्राभोवती फिरून वीज, हवा, तेल आणि वजन कुठून येते ते लिहावे आणि ती यादी घेऊनच दुकानात जावे.

विक्रेत्याच्या सेवेबद्दल शेवटी एवढे, की न बसणारे एमसीबीचे चिमटे त्याने विनातक्रार परत घेतले आणि त्या रकमेत जास्तीची कुलपे दिली. एमसीसीबीच्या क्लॅम्प आणि दोन इंची व्हॉल्व्हची आवरणे आम्ही त्याच्याकडेच मागवली आहेत, आणि क्लॅम्प आमच्या पॅनेलवर बसवून दाखवल्यावरच पैसे घेण्याचे त्याने मान्य केले आहे.